आजोबा त्या फोटोत नव्हतेच

पुणे ते बेळगाव प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कोगनोळीचा नाका आला तेव्हा मी झोपलो होतो. गेल्या खेपेला भाषेवरून वातावरण तापलं, बस बंद झाल्या आणि बेतच बारगळला होता. बेळगावात एक रात्र काढली, डासांच्या सोबतीने. सकाळी खानापूरची बस. मी कंडक्टरशी मराठीत बोललो, तो माझ्याशी कन्नडमध्ये, आणि तिकीट बरोबर मिळालं. पुढची जांबोटीकडची गाडी कोणती, हे पाटीवरून कळेना. शेजारच्या शाळकरी मुलीने पाटी वाचून दाखवली आणि विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" म्हटलं, याच वाटेवरचं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

पिशवीत घरातला सगळ्यात जुना फोटो होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर राजवाड्याच्या पायऱ्या. आजी खुर्चीवर, मांडीवर वर्षाचे बाबा आणि शेजारी कोट घातलेले आजोबा. आजी डोळ्यांच्या कोपऱ्यातून आजोबांकडे बघतेय, यावरून तिला आम्ही जन्मभर चिडवलं. आजोबा लालबागच्या गिरणीत होते. "फोटोसाठी मुद्दाम रजा टाकून गेलो होतो," हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल.

चुलत काकींनी दारातच विचारलं, "जेवलास?" मी हो म्हणेपर्यंत ताट वाढलं होतं. या आदरातिथ्याची मला नेहमी थोडी भीती वाटते, भातावर तिसऱ्यांदा आमटी पडली की विषय काढायचं धैर्य राहत नाही. हात धुवायला उठलो आणि भिंतीवर तोच फोटो दिसला. तोच पडदा, तीच खुर्ची, आजीची तीच तिरकी नजर. फक्त आजोबा नाहीत. त्यांच्या जागी फुलदाणीचा स्टँड.

"ते कुठले यायला?" काकी म्हणाल्या. "रजा मिळत न्हाई म्हणून पत्र आलं हुतं. मग तिकडंच काढलेला एक उभा फोटो त्यांनी पोस्टानं धाडला. स्टुडिओवाल्यानं तो कापला, ह्याच्यावर चिकटवला आणि पुन्हा फोटो काढला. मुंबईच्या खोलीत लावायला. सासूबाई सांगायच्या."

मग मी आमचा फोटो खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला. आजोबांची सावली डावीकडे, आजीची उजवीकडे. कोटाची कड ब्रशने सारवलेली. खुर्चीवर ठेवलेला वाटणारा हात खुर्चीला टेकलेलाच नाही. चाळीस वर्षं बघतोय मी हा फोटो!

"आणि आजी बघतेय कुणाकडे?"

"तुझी थोरली आत्या पडद्यामागं रडत हुती. खुर्चीजवळ उभं राहायचं न्हाई म्हणून."

फ्रेम उतरवून दोन्ही फोटोंच्या पाठी पाहिल्या. काकींच्या फोटोवर स्टुडिओच्या शिक्क्यात 'मुंबई राज्य', आमच्यावर त्याच स्टुडिओच्या शिक्क्यात 'म्हैसूर राज्य'. म्हणजे पहिला फोटो 1 नोव्हेंबर 1956 च्या आधीचा, आणि आजोबांना चिकटवेपर्यंत बेळगाव जिल्हा दुसऱ्या राज्यात गेलेला. पुढे 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं, 2014 ला बेळगावचं बेळगावी. काकी लग्न होऊन आल्यापासून याच घरात आहेत. त्यांचं रेशनकार्ड कन्नडमध्ये, ओव्या मराठीत, आणि धाकटा मुलगा गोव्यात कामाला. त्याचाही फोटो भिंतीवर होता, एकट्याचा.

खरं सांगायचं तर मला आजोबांचा राग आला होता. इतकं रंगवून खोटं सांगायची काय गरज होती? परतीच्या बसमध्ये मात्र हिशेब मांडला. त्या खोलीत ते बिऱ्हाड आणेपर्यंत सहा वर्षं एकटे होते, आणि रोज त्या भिंतीसमोर जेवत होते.

येताना कुंदा आणला. बाबांना मोबाइलमधला फोटो दाखवला, आजोबांचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. बोटांनी फोटो मोठा करत करत ते मांडीवरच्या बाळाच्या हातापाशी थांबले. आमच्या फोटोत तो हात आजोबांच्या कोटाखाली गेलाय.

"अरे," ते म्हणाले, "माझ्या हातात खुळखुळा होता!"