तिथल्या पाण्यात डाळ शिजते का? पहिलं घर घेतानाचा माझा अनुभव

माझं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरपासून १४ किलोमीटर. मी दर्यापुरातच एका पतसंस्थेत कामाला, रोजचं येणं-जाणं, गावात शाळा चौथीपर्यंतच आणि पोरगी तिसरीत, म्हणून बायको म्हणाली की भाड्यात पैसे घालण्यापेक्षा लहानसं का होईना स्वतःचंच पाहू. बजेट १८ लाख, त्यातले १२ लोनचे. चहाच्या टपरीवर नुसतं म्हटलं की घर पाहून राहिलो, तर संध्याकाळपर्यंत तीन दलालांचे फोन. घर कसं पाहायचं हे सांगणारे तर ढिगानं भेटले, दार पूर्वेला आहे का, किचन कुठं, संडास कोणत्या कोपऱ्यात. आजूबाजूचं काय पाहायचं ते फक्त आईनं सांगितलं. "बाकी काई नोको पाहू, तिथल्या पान्यात डाय शिजते का तेवढं इचार."

पुण्या-मुंबईकडच्या लोकांना याचं हसू येईल. पण आमचा हा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, अमरावती, अकोला, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला, जमिनीखालचं पाणीच खारं. बोअर मारला की पाणी लागतं हो, पण साबणाला फेस नाही, तोंडात घेतलं की थुंकावं वाटतं आणि डाळ तासभर उकळली तरी दाताखाली कचकचते. प्यायचं पाणी येतं ते शहानूर धरणाचं, सातपुड्याच्या पायथ्यापासून पाइपलाइननं. म्हणून इथं घरात टाइल्स कोणत्या याच्याआधी नळ किती दिवसाआड येतो आणि किती जोरात येतो ते विचारावं लागतं.

पहिलं घर पाहिलं अकोट रोडच्या बाजूला. नवं कोरं, पीओपी, दाराला पितळी कड्या, बायको तर खुश. दलाल म्हणे बोअरला बारमाही पाणी. माझ्या एका दोस्ताचं आरओचं दुकान आहे, त्याच्याकडून टीडीएस, म्हंजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा पेन घेऊन गेलो होतो, बाटलीत पाणी घेऊन बुडवला तर आकडा २३८०. म्हंजे बघा, लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरतात आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. दलाल म्हणतो, "आरओ बसवून घ्या ना भाऊ." आरओला पण घालायला पाणी लागतं ना बाप्पा, आणि अर्ध्याच्या वर तर ते नालीतच सोडून देतं.

तरी मन मानेना म्हणून नळाच्या दिवशी पहाटे साडेपाचला एकटाच परत गेलो. हे मी सगळ्यांना सांगतो, दलालासोबत दुपारी जाऊन काहीच कळत नाही. त्या गल्लीत दर दारापुढं चार-पाच निळे ड्रम आणि जिकडंतिकडं टुल्लू पंप डायरेक्ट नळाला लावलेले. गल्लीच्या शेवटाकडच्या एका घरापुढं एक बाई करंगळीएवढ्या धारेखाली गुंडी धरून बसलेली. म्हणाली, "नळ येते भाऊ, पन आमच्यापर्यंत येईलोक त्याचा जीव जाते." आम्ही घेणार होतो ते घर तिच्याही पुढचं. विषय संपला.

दुसरं चंद्रभागा नदीच्या अंगाला, पंढरपूरची नाही, आमच्या दर्यापूरची, जुनं पण ऐसपैस, भाव ऐकून मला वाटलं लॉटरीच लागली. बैठकीत बसलो तर भिंतीचा रंग खाली वेगळा, वर वेगळा, साधारण मांडीएवढ्या उंचीवर सरळ रेघ आणि ती चारही भिंतींना. मालक म्हणे डिझाइन आहे. बाहेर निघालो तर शेजारच्या ओट्यावर एक आजी तांदूळ निवडत होती, तिला विचारलं, इकडं पूर येतो का वो आजी? ती म्हणाली, "नाई बाप्पा, पूर नाई येत. पानी येते." आता यावर काय बोलावं. ओळखीच्या इंजिनिअरनं नंतर सांगितलं की नदीकाठाला दोन पूररेषा धरतात, निळी म्हंजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, जागा त्यात बसते का ते आधी पाहायचं. मला ती भिंतीवरची रेघच पुरली.

मधात एक स्वस्तातला प्लॉट पण आला होता, सातबारावर अकरा नावं आणि एनएचा, म्हंजे बिनशेती परवानगीचा, पत्ताच नाही, बँकेच्या वकिलानं कागद हातात घेऊन तसाच परत दिला.

तिसरं मूर्तिजापूर रोडच्या बाजूचं, बारा वर्षांपूर्वीचं लेआउट, चाळीसेक घरं, नळाची मेन लाइन दोन घरं सोडून. इथं मी घाई केली नाही. मे महिन्यात गेलो तेव्हा बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर भेगा पडलेल्या, एकीत खराट्याची काडी सोडली तर ती आख्खी आत गेली. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, घराला दरसाल खालून हलवते. म्हणून आपलं घर राहू द्या, आधी शेजाऱ्यांची घरं पाहिली. तीन घरांना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा, एकीत तर पाच रुपयांचं नाणं उभं बसलं. पुढच्या गल्लीत काम करणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजला तर तो म्हणाला, "पायवा मुरमालोक नेला असन तं घर टिकते, नाई तं दरसाली चिरते." आमच्या मालकानं बांधताना काढलेले फोटो दाखवले, कॉलमचे खड्डे पार पिवळ्या मुरमापर्यंत गेलेले, तेव्हा जरा जिवाला बरं वाटलं.

बायकोनं वेगळीच शक्कल लढवली. दोन किलो ज्वारी घेऊन तिथल्या पिठाच्या गिरणीवर गेली आणि दळण होईपर्यंत बसली. तासाभरात तिला कळलं की नळ एक दिवसाआड येतो, कोणत्या घरचा माणूस पिऊन धिंगाणा करतो, रात्री कुत्री कुठं मागं लागतात, आणि शाळेची ऑटो कोपऱ्यावरूनच जाते. मला दोन महिन्यांत एवढं कळलं नव्हतं.

शेवटची परीक्षा जुलैत. रात्रभर पाऊस झाला, सकाळी सहालाच गाडी काढली. आमच्याकडं काळ्या मातीत गाडी घातली की मडगार्डमध्ये चिखल भरून चाक जाम होतं, ढकलत न्यावी लागते. इथं रस्त्यावर मुरूम पडलेला, गाडी दारापर्यंत गेली. कोपऱ्यावर घोट्याएवढं पाणी साचलं होतं, दुपारी जाऊन पाहिलं तर उतरलेलं. बोअरचं पाणी इथंही खारंच, ते वापरायला. नळाचं एक बाटली मागून आईकडं नेलं, तिनं डाळ लावली, शिजली. ऑगस्टमध्ये बायकोच्या नावानं खरेदी केली, बाईच्या नावानं असली की मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते, आणि दसऱ्याला राहायला आलो.

आता चुकलं काय ते पण सांगतो. पहाटे पाहिलं, रात्री पाहिलं, उन्हाळ्यात पाहिलं, पावसात पाहिलं, पण दिवाळीनंतर कसं असतं ते पाहायला दिवाळीनंतरच जावं लागतं आणि तोपर्यंत आम्ही आत राहायला आलेलो. लेआउटच्या मागं जे टिनाचं मोठं शेड दिसायचं ते मी बंद गोडाऊन समजत होतो. ती जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायचा कारखाना. कापूस निघायला लागला तसे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ट्रॅक्टर लाइनीत, मशीनची घरघर, आणि सकाळी दोरीवर वाळत घातलेल्या काळ्या पॅन्टवर पांढरं तूस. गिरणीवरच्या बायका पण बोलल्या नाहीत, त्यांना त्याचं काही वाटतच नसेल. आता कपडे मधल्या खोलीत वाळतात, आणि पोरगी म्हणते आपल्याकडं बर्फ पडतो.