काठोकाठ भरलेली नळी

ते प्रकरण डिसेंबरात न्यायवैद्यक प्रयोगशाळेतील माझ्या टेबलावर आले ते नेहमीच्याच रूपात : मिठाच्या संपृक्त द्रावणातील व्हिसेऱ्याच्या, म्हणजे शवविच्छेदनात काढलेल्या अवयवांच्या, दोन बाटल्या, रक्ताची एक छोटी नळी आणि पोलिसांचे पत्र. लग्नाला जेमतेम आठ महिने झालेली तरुणी न्हाणीघरात मृतावस्थेत सापडली होती. माहेरच्यांना विषप्रयोगाचा संशय असल्यामुळे पत्रात विषारी द्रव्याचा अंश आहे काय, एवढीच विचारणा होती.

जठर, यकृत व मूत्रपिंड यांच्या अर्कांत कीटकनाशक किंवा झोपेचे औषध यांपैकी काहीही निघाले नाही. ‘विष आढळले नाही’ असे लिहून मोकळे होता आले असते, आणि प्रलंबित प्रकरणांच्या ढिगाऱ्यात तो मोह होतोच. तरीही मी घटनास्थळाचा पंचनामा पुन्हा वाचला. चार फूट बाय पाच फुटांची न्हाणी, भिंतीवर गॅस गिझर आणि थंडी अडवण्यासाठी खिडकीच्या फटींत कोंबलेले वर्तमानपत्राचे बोळे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी नखांखालची त्वचा गुलाबी असल्याचे नोंदवले होते. सावळ्या कातडीवर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने येणारी लाली सहज दिसत नाही, ती नखांत आणि ओठांच्या आतल्या बाजूलाच शोधावी लागते.

हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून त्याचा पुरावा रक्तात शोधायचा, मिठाच्या बाटलीत नव्हे. नळीत रक्त टिकवणारे सोडियम फ्लोराइड होते आणि ती बुचापर्यंत भरलेली होती. अर्धी रिकामी असती, तर वरच्या हवेत वायू निसटला असता. ज्या कोणी ती भरली, त्याचे मी मनोमन आभार मानले. सौम्य केलेल्या रक्तात सोडियम हायड्रॉक्साइड टाकल्यावर साधे रक्त हिरवट तपकिरी होते, हे लालच राहिले. मग रक्तातला ऑक्सिजन काढून घेणारे डायथायोनाइट घालून नमुना स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे प्रकाशाचे शोषण मोजणाऱ्या यंत्रावर, घेतला, तेव्हा साध्या रक्ताच्या एका रुंद उंचवट्याऐवजी ५४० आणि ५७० नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरे उमटली. कार्बोक्सिहिमोग्लोबिनचे, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनचे, प्रमाण ५० टक्क्यांच्या पुढे होते.

तपास अधिकाऱ्यांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, “पण मॅडम, गॅसची गळती नव्हती, कुणाला वासही आला नाही.” हा वायू गळतीचा नसून अर्धवट जळलेल्या गॅसचा असतो आणि त्याला वास नसतो, हे समजावून सांगून मी गिझर अजून जागेवर आहे का, ते विचारले. सुदैवाने होता. पुढच्या आठवड्यात तंत्रज्ञाने दार-खिडकी सताड उघडी ठेवून पंचांसमक्ष तो पेटवला, तेव्हा ज्योत निळी नव्हती, पिवळी होती, आणि बर्नरवर काजळीचा जाड थर बसलेला होता.