हसता कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी आणि माझी मैत्रीण इतिहासातल्या विचित्र घटना, त्यातल्या दुर्घटनासुद्धा, लोकांसमोर हसत-हसवत सांगतो. कार्यक्रम संपला की हमखास कुणीतरी थांबतं. आधी कौतुक होतं, मग आवाज जरा खाली येतो. "एक विचारू? माणसं मेलीयत हो त्यात. तुम्ही हसता कशाला?" काही जण विचारत नाहीत, सुनावतात. एका गृहस्थांनी तर पूर्ण वेळ पोट धरून हसल्यावर बाहेर मला गाठून इतिहासाचं गांभीर्य समजावून सांगितलं. तोंडी उत्तरं देऊन मी कंटाळलेय. दर वेळी उत्तर थोडं वेगळं निघतं आणि घरी पोचेपर्यंत माझं मलाच पटेनासं होतं. तेव्हा एकदा लिहूनच टाकते.

आधी हे बघा की हसतो ते कुणाला. १५१८ साली स्ट्रासबर्गमध्ये माणसं रस्त्यात नाचायला लागली आणि थांबेनात. ही गोष्ट सांगताना नाचणाऱ्यांवर आम्ही एकही विनोद करत नाही. विनोद होतो तो नगराच्या कारभाऱ्यांवर. त्यांनी वैद्यांना विचारलं, रक्त तापलंय असं निदान ऐकून घेतलं आणि उपाय काय काढला, तर यांना आणखी नाचू द्या! जागा मोकळ्या करून दिल्या, वादक पैसे देऊन बोलावले. प्रकरण हाताबाहेर गेलं तेव्हा नाचगाण्यावरच बंदी घातली. हे ऐकून ज्याला हसू येत नाही तो आयुष्यात एकदाही कुठल्या समितीवर बसलेला नसणार.

एमूंचंही तसंच. १९३२ साली ऑस्ट्रेलियाने पक्ष्यांविरुद्ध सैन्य उतरवलं आणि पक्षी जिंकले, एवढं बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मला त्यात सगळ्यात आवडतो तो मेजर मेरेडिथ यांचा हिशेब. दोन लुईस मशीनगन घेऊन गेले होते. शेवटी अहवाल दिला: ९,८६० गोळ्या उडाल्या, ९८६ एमू पडले. म्हणजे पक्ष्यामागे बरोबर दहा गोळ्या, ना एक कमी ना एक जास्त. वरच्या साहेबाला कधी हिशेब सादर केला असेल, तर हा कसा तयार झाला असेल ते तुम्हाला सांगायला नको. पण आम्ही तिथे थांबत नाही. ज्यांची शेतं एमू तुडवत होते ते पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते. जमिनी मिळाल्या, मग मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले, कबूल केलेलं सरकारी अनुदान काही पोचलं नाही आणि वर हे पक्षी. मशीनगन त्यांनीच मागितली, कारण मशीनगन काय करते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. हे आम्ही हशा ओसरत असताना सांगतो. त्या क्षणी लोक खरंच ऐकत असतात. सुरुवातीलाच सांगितलं तर मोबाईल काढतात.

इथपर्यंत माझी बाजू भक्कम आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्याला मी साधारण एवढंच ऐकवते. जे ऐकवत नाही ते आता.

आमची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. गोष्ट एकीनेच वाचून यायची, दुसरीला विषयसुद्धा सांगायचा नाही. ती श्रोत्यांसारखीच कोरी, त्यामुळे तिचे प्रश्न खरे आणि तिचं हसणंही खरं. त्या दिवशी गोष्ट माझ्याकडे होती. मी म्हटलं, "१८१४. लंडन. बिअरचा पूर." माझी मैत्रीण खुर्चीतून पुढे सरकली. "अगं, मग मला तिथे का नाही जन्माला घातलं?" सगळे हसले. लगेच पुढचा प्रश्न, "लोकांनी आणलं काय, पेले की बादल्या?" आणखी हशा. मी म्हटलं, "थांब, येते तिथे."

मग मी कारकुनाची गोष्ट सांगितली. सेंट जाइल्स वस्तीला लागून मोठी ब्रूअरी, म्हणजे बिअरचा कारखाना. लाकडी फळ्यांची, लोखंडी कड्यांनी आवळलेली, २२ फूट उंच टाकी, आत साडेतीन हजारांहून जास्त पिंपं भरतील एवढी काळी बिअर. १७ ऑक्टोबर, सोमवार, दुपारी साडेचारच्या सुमारास त्यातलं एक कडं निसटलं. वजन ३०० किलोच्या वर. कोठारावरचा कारकून जॉर्ज क्रिक याच्या हे लक्षात आलं, पण कडी वर्षातून दोन-तीनदा निसटायचीच. त्याने वर सांगितलं. वरून उत्तर आलं की काही होत नाही, मालकांपैकी एकाला चिठ्ठी लिहून ठेव, सवडीने बसवून घेतील. साडेपाचला टाकी फुटली तेव्हा क्रिक तिच्यापासून तीसेक फुटांवर उभा होता आणि चिठ्ठी हातात होती.

"चिठ्ठी!" मैत्रीण टाळ्या पिटत म्हणाली, आणि तिथल्या तिथे तिने ती चिठ्ठी रचून म्हणून दाखवली. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, कडे निसटले आहे. तरी योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर." तुमच्यापैकी जे तिथे होते त्यांना आठवत असेल. लोक शांत होईनात. मी तो हशा अर्ध्यात तोडला नाही, पूर्ण येऊ दिला.

नंतर मी पुढचं सांगितलं. मागची भिंत कोसळली. पलीकडे न्यू स्ट्रीट नावाची बंद गल्ली होती, गरीब आयरिश कुटुंबांची, एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड. एका तळघरात ॲन सॅव्हिल आपल्या दोन वर्षांच्या मुलाच्या मयताशेजारी बसली होती. जॉन आदल्या दिवशी गेला होता, शेजारपाजारच्या बायका सोबतीला आल्या होत्या. लोट त्या तळघरात शिरला. ॲन आणि आणखी चौघं तिथेच गेली. दुसऱ्या घरात चार वर्षांची हॅना बॅमफिल्ड आईबरोबर चहाला बसली होती. पलीकडच्या गुत्त्यात कामाला असलेली चौदा वर्षांची एलिनर कूपर भिंतीपाशी भांडी घासत होती. एकूण आठ जण, सगळ्या बायका आणि मुलं. चौकशीच्या ज्यूरीने हा निव्वळ अपघात ठरवला, त्यामुळे कंपनीला भरपाईचा प्रश्नच उरला नाही. उलट वाहून गेलेल्या बिअरवर आधी भरलेला कर सरकारने परत दिला आणि धंदा तगला. लोक पडझड बघायला येत, तर ब्रूअरीचे पहारेकरी फुटक्या टाक्या दाखवायचेही पैसे घेत.

"आणि त्या बादल्या," मी म्हटलं, "त्या वेळच्या वर्तमानपत्रांत कुठेच नाहीत. गल्लीतले लोक भांडी घेऊन धावले, पिऊन लोळले, ही सगळी नंतरची भर आहे."

एरवी जिच्याकडे पुढचा प्रश्न तयार असतो ती काहीच बोलली नाही. चिठ्ठीचं हसू तिच्या चेहऱ्यावर अजून थोडं शिल्लक होतं आणि त्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. मी एकटीने शेवट केला.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मी बादल्या म्हटलं तेव्हा तुला माहीत होतं."

"अगं, गोष्ट माझीच होती. मला माहीत असणारच."

"लोकांना काही दाखवायचं होतं तर स्वतः हसून दाखवायचंस. माझं तोंड का वापरलंस?"

मी माझी बाजू मांडली. अजूनही तीच मांडेन. आठ जण मेले असं आधीच सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं. मग दोनशे वर्षं या गोष्टीचं काय झालंय तेही कुणाला दिसलं नसतं. खरा विनोद चिठ्ठीत होता, ब्रूअरीच्या कारभारात होता. पुढे सांगणाऱ्यांनी तो उचलून गल्लीत नेऊन ठेवला, जे बुडाले त्यांच्याच शेजाऱ्यांच्या माथी मारला. फुकटची मिळाली की हे लोक ढोसणारच, हे ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं, म्हणून ते खपतं. ते आपल्याही तोंडून किती सहज निघतं हे ऐकू यायला नको का?

यावर ती म्हणाली, "तारखेने गेलं तर गोष्ट त्या मुलापासून सुरू होते. तो आदल्या दिवशी गेला होता ना? मग तू त्याला शेवटी का आणलंस?"

उत्तर माझ्याकडे होतं: परिणामासाठी. पण ते तिच्या तोंडावर म्हणवेना. चूक केली असं मला आजही वाटत नाही. गोष्ट सांगणारा प्रत्येक माणूस काय आधी नि काय नंतर हे ठरवतोच. तरी तुम्ही "हसता कशाला" म्हणता तेव्हा मला टोचतं ते हसणं नव्हे. मी मूल कुठे ठेवलं, ते टोचतं. आणि तो प्रश्न तुम्ही कुणीच विचारत नाही, तो तिनेच विचारला. त्यानंतर बरेच दिवस आम्ही फक्त तारखा आणि सभागृहाचं भाडं एवढंच बोललो.

पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचे की पुरेसा काळ लोटला की हसायला हरकत नसते. आमच्या जुन्या कार्यक्रमांत हे वाक्य सापडेल, ऐकताना लाज नाही पण वैताग येतो. किती काळ? ८९७ साली रोममध्ये पोप सहावा स्टीफन याने आधीचा पोप फॉर्मोसस याचं प्रेत थडग्यातून काढून, पोशाख चढवून, सिंहासनावर बसवून त्याच्यावर खटला चालवला. मृत्यूला कित्येक महिने झाले होते. प्रेताच्या वतीने उत्तरं द्यायला एक डीकन, म्हणजे चर्चमधला कनिष्ठ धर्मगुरू, उभा केला होता. निकाल अर्थातच विरुद्ध गेला, उजव्या हाताची तीन बोटं तोडली, पुढे प्रेत टायबर नदीत टाकलं. अकराशे वर्षं उलटून गेली आणि या गोष्टीला हमखास हशा येतो, मलाही हसू येतं. पण अलीकडे माझं लक्ष त्या डीकनकडेच जातं. खटल्यात प्रेताला काही होणार नव्हतं. त्याच्या शेजारी उभं राहून, हरायचं आहे हे माहीत असताना, शुद्ध हरपू न देता उत्तरं देणारा माणूस मात्र जिवंत होता. मग माझ्या त्या "पुरेशा काळा"चं काय झालं? आणि हे सुचलं म्हणून मी ती गोष्ट सांगायची थांबवली का, तर नाही. उलट डीकनचा भाग वाढवला. त्यालाही हशा येतो.

आता नवा वाद बॉस्टनचा आहे. १५ जानेवारी १९१९, साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट, तपकिरी, गोड मळीची प्रचंड टाकी फुटली, २१ जण गेले. टाकी आधीपासून गळत होती, आसपासची मुलं गळणारी मळी डब्यांत भरून न्यायची. कंपनीने गळती दिसू नये म्हणून टाकीला तपकिरी रंग दिला, आणि फुटल्यावर म्हणाली की अराजकवाद्यांनी बॉम्ब लावला. तपकिरी रंगावर मी हसू नये असं कुणाचं म्हणणं असेल तर ते मी ऐकणार नाही. मैत्रिणीची मात्र आता अट आहे: सुरू करण्याआधी मेले किती ते सांगायचं. मी म्हटलं, मग तू कोरी राहणार नाहीस. ती म्हणाली, नकोच आहे मला कोरं राहायला, एकदा तू कोरी बस. हे लिहीपर्यंत तिला बॉस्टनचा आकडा कळलेलाच आहे, तेव्हा ही गोष्ट बहुतेक तीच सांगेल आणि मी प्रश्न विचारेन. तारीख ठरली की कळवते. भांडण मिटलं तर.