तुम्ही विचारलंत म्हणून: पर्यटनाचा पैसा राहतो कुठे?

पर्यटनाने एखाद्या भागाचं भलं होतं की नाही, ते एका वाक्यात सांगा, असं लोक मला येता-जाता विचारतात. अशा परिणामांचे हिशेब मांडणं हेच माझं काम, म्हणून विचारतात. मी दोन वाक्यं बोलले की पुढचं ठरलेलं: "म्हणजे तुम्ही विरोधातच ना?" नाही हो. विरोधात असते तर इतकी वर्षं या आकड्यांत डोकं घातलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच, की पर्यटकांनी केलेला खर्च म्हणजे त्या भागाची कमाई नव्हे. खोलीचं भाडं बाहेरच्या मालकाकडे जातं, आरक्षणाचं कमिशन परदेशी कंपनीकडे. स्वयंपाकघरातला माल बाहेरून येतो, हंगामापुरते आलेले कामगार पगार घरी धाडतात. ही सगळी गळती. ती वजा करून जे उरतं तेच स्थानिक मजुरीतून, दुकानांतून पुन्हा फिरतं. आणि त्याच भागातला माणूस शेजारच्या गावात फिरायला गेला, तर तो पैसा या खिशातून त्या खिशात गेला. नवा आला नाही.

एका प्रदेशासाठी मी असाच अहवाल केला होता. आधी एकूण खर्चाचा आकडा, मग गळतीचं प्रकरण, तेही सविस्तर. त्यासाठी हॉटेलांची खरेदीची बिलं चाळली होती, खोल्या झाडणाऱ्या बायकांच्या घरी जाऊन बसले होते. हंगाम संपल्यावर भागतं कसं, असं एकीला विचारलं तर म्हणाली, "उधारीवर." मसुदा गेल्यावर काम देणाऱ्यांचा फोन आला. प्रकरण उत्तम आहे, पण वाचणाऱ्याचा गोंधळ होईल, ते गाळू या. मी नाही म्हटलं. मग परिशिष्टात टाकू म्हणाले; त्याला मी नाइलाजाने होकार दिला. अहवाल छापून आला तेव्हा परिशिष्ट नव्हतंच. मुखपृष्ठावर एकूण खर्चाचा आकडा, त्याखाली 'प्रदेशाचे उत्पन्न' हे शब्द, आणि आत माझं नाव. मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं, आकडा तर तुमचाच आहे. होताच. पुढे एका सुनावणीत, पर्यटनासाठी जमिनी देण्याच्या बाजूने, तोच आकडा वाचून दाखवला गेला. ज्यांच्या घरी बसून मी माहिती घेतली होती, त्या बायका समोरच बसल्या होत्या. सुनावणी संपल्यावर त्यांच्यातलं कुणी माझ्याशी बोललं नाही.

आधी माणसं तर येऊ देत, वाटणीचं मग पाहू, असं मी एके काळी हिरिरीने मांडायचे. तो मुद्दा मला आजही पुरता खोडता येत नाही. 2020 मध्ये जगभरचा प्रवास थांबला, तेव्हा पर्यटनावर जगणाऱ्या भागांत गळतीनंतर उरणारा तो थोडका पैसाही आटला, आणि थोडका म्हणजे नगण्य नव्हे हे चांगलंच दिसलं. पण मग फिलिपिन्समधलं बोराकाय आठवतं. सांडपाणी थेट समुद्रात जात होतं म्हणून 2018 मध्ये सरकारने ते बेट 6 महिने पर्यटकांना बंद केलं. त्या महिन्यांत बुडालेली मजुरी आधीच्या भरभराटीतून कोण वजा करतं? इटलीतल्या व्हेनिसने 2024 मध्ये गर्दीच्या ठरावीक दिवशी, केवळ दिवसापुरत्या येणाऱ्यांवर 5 युरोचं शुल्क लावलं; मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे. 5 युरोला भिऊन कुणी परत फिरेल असं मला वाटत नाही. तरी गर्दी वेगळी आणि कमाई वेगळी, एवढा फरक तिथे निदान नियमात तरी उतरला.

"रोजगार तर मिळतो ना?" मिळतो. वर्षातले किती महिने, किती पगारावर, आणि पर्यटनामुळेच चढलेलं घरभाडं भरून हातात काय राहतं, तेही विचारा. मात्र जिथे दुसरं कामच नाही, तिथल्या माणसाला हे काम घेऊ नको असं मी कुठल्या तोंडाने सांगू? ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.