सूर्यावरचे डाग मोजायची वही

आज सकाळी सव्वाआठला गच्चीवर दुर्बीण लावली, कागदावर सूर्य पाडला, तीन गट दिसले आणि सगळे मिळून अकरा डाग. वहीत लिहिलं 41. हा 41 कुठून आला ते सांगते, कारण मागच्या आठवड्यात मैत्रिणीने विचारलं की अगं अकरा डाग दिसले तर एकेचाळीस कसे लिहितेस, आणि फोनवर मला ते नीट सांगताच आलं नाही.

आधी बघायचं कसं ते. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा लावून कधीही, म्हणजे कधीच बघायचं नाही, डोळा जातो. आमच्याकडे बाबांनी घेतलेली 60 मिलिमीटरची जुनी दुर्बीण आहे, तिच्या आयपीसच्या (एरवी डोळा लावतात त्या भिंगाच्या) मागे एक फूटभर अंतरावर क्लिपबोर्ड धरायचा, त्यावर 15 सेंटीमीटरचं वर्तुळ काढलेला पांढरा कागद, आणि सूर्याची प्रतिमा त्या वर्तुळात बसवायची. बसवली म्हणेपर्यंत ती सरकायला लागते, पृथ्वी फिरतेय ना, दोन मिनिटांत अख्खा सूर्य वर्तुळाबाहेर जातो, त्यामुळे पेन्सिल हातात तयारच लागते. आणि कागदावर दिसणारा प्रत्येक काळा ठिपका डाग नसतो. बाबा म्हणायचे, "अगं, आधी आयपीस फिरव, मग मोज." आयपीसबरोबर जो ठिपका फिरला ती धूळ, सूर्याबरोबर जो सरकला तो डाग. मोठ्या डागाचा मधला भाग गडद आणि भोवती फिकट राखाडी झालर असते, ती पहिल्यांदा स्वतःच्या कागदावर दिसली तेव्हा मी बाबांना हाका मारत जिना उतरले होते.

हे डाग म्हणजे सूर्यावरच्या थंड जागा. थंड म्हणजे तिथेसुद्धा साडेतीन-चार हजार अंश असतात, पण आजूबाजूला साडेपाच हजार, म्हणून त्यापुढे काळं दिसतं. सूर्याचा पृष्ठभाग गॅसवर ठेवलेल्या पिठल्यासारखा सतत रटरटत असतो, खालचं गरम वर येतं, निवून परत खाली जातं, पण जिथे चुंबकीय क्षेत्र फार जोरात असतं तिथे हे रटरटणं दबतं आणि खालची उष्णता वर नीट पोचत नाही. डागात चुंबकत्व आहे हे 1908 साली जॉर्ज हेल यांनी अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून दाखवलं, आणि लगेच 1909 च्या जानेवारीत आपल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांना दिसलं की डागाच्या त्या राखाडी झालरीतून वायू बाहेरच्या बाजूला वाहतोय. आजही त्याला एव्हरशेड परिणामच म्हणतात.

आता तो 41. ही रीत रुडॉल्फ वुल्फ या स्विस खगोलशास्त्रज्ञाची, 1848 पासूनची. गटांची संख्या गुणिले दहा, अधिक सुट्या डागांची संख्या. माझे तीन गट म्हणजे तीस, अधिक अकरा. गटाला एवढं वजन का, तर छोट्या दुर्बिणीत बारीक डाग सुटतात पण गट सहसा सुटत नाही. वर प्रत्येक निरीक्षकासाठी एक वेगळा गुणक असतो, म्हणजे माझ्यासारखीचा छोट्या दुर्बिणीचा आकडा आणि मोठ्या वेधशाळेचा आकडा एका पट्टीवर आणता येतात. मला हे फार आवडतं, की पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा माणूस काय मोजत होता ते आज माझ्या वहीशी ताडून बघता येतं.

आणि डाग वाढण्या-कमी होण्याचं चक्र सापडलं तेसुद्धा अशाच एका वहीतून. जर्मनीतल्या डेसाऊ गावात हाइनरिख श्वाबे नावाचे औषधविक्रेते होते. त्यांना शोधायचा होता बुधाच्याही आत फिरणारा एखादा नवीन ग्रह, तो सूर्यासमोरून जाताना काळा ठिपका दिसेल, आणि तो डागांपासून वेगळा ओळखायचा तर रोजचे डाग टिपून ठेवायलाच हवेत, म्हणून 1826 पासून ऊन असेल त्या प्रत्येक दिवशी ते सूर्य बघत राहिले. ग्रह नाहीच मिळाला, तसा ग्रह नाहीच आहे. पण सतरा वर्षांच्या नोंदींनंतर त्यांनी लिहिलं की डाग साधारण दहा वर्षांनी वाढतात आणि कमी होतात. नंतर वुल्फने जुन्या नोंदी खणून काढून सरासरी अकराच्या आसपास आणली. 1852 मध्ये एडवर्ड सॅबाइन यांनी टोरंटो आणि होबार्टच्या नोंदींवरून सांगितलं की पृथ्वीवरची होकायंत्राची सुई जेव्हा जास्त बिथरते ते काळसुद्धा याच चक्राने येतात.

इथे आपली मुंबई येते. कुलाब्याला तेव्हा चुंबकीय वेधशाळा होती, माणसं सुईचे आकडे डोळ्याने वाचून तास न् तास लिहायची. 1 सप्टेंबर 1859 ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे खगोलशास्त्रज्ञ जवळपास माझ्यासारखेच, फक्त कागदाऐवजी रंग दिलेल्या काचेवर सूर्य पाडून डाग काढत बसले होते, आणि डागांच्या एका मोठ्या गटावर एकाएकी दोन पांढरेशुभ्र ठिपके पेटले. कोणाला तरी दाखवावं म्हणून ते धावत गेले, मिनिटाभरात परत आले तर ते विझत आले होते. साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं, तारायंत्रं बिघडली, आणि 2 सप्टेंबरला कुलाब्याच्या वहीत सुमारे 1600 नॅनोटेस्लाची (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) घसरण लिहिली गेली. मुंबईत एरवी पृथ्वीच्या चुंबकत्वाचा आडवा भाग 38 हजारांच्या आसपास असतो, त्यातले सोळाशे काही वेळात गेले! ज्याने तो आकडा वाचला त्याच्या मनात काय आलं असेल याचा मी खूप विचार करते, यंत्र बिघडलं असंच वाटलं असेल, तरी त्याने ते लिहिलं. ही नोंद 2003 मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी पुन्हा अभ्यासली, आणि आज जगात त्या वादळाचा जोर ठरवायचा म्हटलं की कुलाब्याचं नाव येतंच.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, त्या करंटने सुया बिघडल्या असत्या, म्हणून 1904 ला वेधशाळा अलिबागला हलवली. बांधकामाला पोरबंदरचा दगड वापरला कारण त्यात लोहचुंबकत्व नाही. आणि सगळ्यात चांगलं काम म्हणजे 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे मोजणी चालू ठेवली, म्हणजे जुने आकडे नव्यांना नीट जोडता यावेत. अलिबागच्या बीचवर घोडागाडीत बसणाऱ्या किती जणांना माहितीये की शेजारच्या आवारात हे काम अजून चालू आहे?

एवढ्या नोंदी असूनही पुढचं चक्र किती जोराचं येणार हे सांगणं अवघडच आहे. या चक्रांना ओळीने नंबर दिलेत. चक्र 24 च्या आधी सूर्याचा अभ्यास करणाऱ्या मौसुमी दिक्पती यांच्या गटाने सांगितलं की ते आधीच्या चक्रापेक्षा 30 ते 50 टक्के जोरदार असेल, आणि त्यांचेच पीएचडीचे गुरू बंगळुरूचे अर्णब राय चौधुरी आणि सहकारी म्हणाले की नाही, सुमारे 35 टक्के कमजोर असेल. ते कमजोरच निघालं. चौधुरींचा आधार होता आधीच्या चक्राच्या शेवटी सूर्याच्या ध्रुवांवर उरलेल्या चुंबकत्वाचा, कारण त्यातूनच पुढच्या चक्राचे डाग तयार होतात. मग चक्र 25 साठी शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय पॅनलने वुल्फच्या रीतीच्या आकड्याची, वर्षभराच्या सरासरीने काढलेली कमाल 115 सांगितली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये ती सुमारे 161 पर्यंत गेली. मला यात कोणी चुकलं असं वाटत नाही, चोवीस-पंचवीस चक्रं म्हणजे आकडेवारीच्या हिशोबाने फारच थोडी आहेत हो.

त्याच चक्रातला मे 2024 मधला तो अवाढव्य गट, 3664 नंबरचा, मी नुसत्या ग्रहणाच्या चष्म्यातूनसुद्धा बघितला. पंधरा पृथ्व्या शेजारी शेजारी बसतील एवढा लांब. कागदावर त्याचे तुकडे मोजता मोजता सूर्य तीनदा वर्तुळाबाहेर गेला. 10 मेच्या रात्री लडाखला हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत बनलेली सूट नावाची दुर्बीण तेव्हा आदित्य एल-1 या भारताच्या सूर्य बघणाऱ्या यानावर बसून सूर्याचेच फोटो घ्यायला अंतराळात पोचलेली होती.

माझ्या वहीत जून ते सप्टेंबर बहुतेक पानांवर एकच शब्द आहे, ढग. तो पण लिहायचा, रिकामं सोडायचं नाही, नाहीतर नंतर कळत नाही की डाग नव्हते की बघितलंच नाही. शून्य वेगळं आणि ढग वेगळं.

आजच्या तीन गटांतला मोठा पश्चिमेच्या कडेला पोचलाय, उद्या-परवा पलीकडे जाईल. टिकला तर साधारण दोन आठवड्यांनी पूर्वेकडून परत येईल, तारीख वहीत पेन्सिलने लिहून ठेवलीय.