तुम्ही विचारलंत म्हणून: मोलॅसिस म्हणजे मळीच ना?

विदेशी केकच्या कृतीत मोलॅसिस दिसलं की प्रश्न ठरलेला. ‘म्हणजे मळीच ना? आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, मग ती आणून घालायला काय हरकत आहे?’

पूर्वी मी ‘हो, मळीच, गाळून घ्या’ म्हणत असे. शब्द म्हणून बरोबर होतं, उत्तर म्हणून चूक. एक तर सोलापुरात मळी एकच नाही. गुऱ्हाळात काहिलीवरून झाऱ्यानं काढतात ती मळी, शेतात खत म्हणून पडते ती प्रेसमड, म्हणजे कारखान्यात रस निवळताना उरणारा गाळ, तीही मळी, आणि साखरेचे दाणे वेगळे केल्यावर उरणारा काळा पाक, तीही मळीच. खरं मोलॅसिस हे शेवटचं. टनभर उसामागे ते साधारण 40 ते 45 किलो निघतं आणि मुख्यतः अल्कोहोल, इथेनॉलकडे जातं.

‘गाळून घ्या’ या माझ्या दोन शब्दांवर विसंबून गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत एका घरात जनावरांसाठी आणलेली अर्धा लिटर मळी चुलीवर चढली. शेंगापोळ्यांच्या सारणात घालायची होती. त्यात अर्धा लिटर पाणी घालून उकळलं, वर आलेला तपकिरी फेस तीनदा काढला, दुहेरी फडक्यातून गाळलं. तळाशी बोटभर राखाडी गाळ राहिला, तेव्हा वाटलं, झाली स्वच्छ. मग पुन्हा आटवून घट्ट केलं आणि दोन किलो शेंगांच्या कुटात कालवलं. पहिली पोळी तव्यावर पडताच करपट, उग्र वास सुटला. जिभेवर आधी खारट, मग कडू. वेलची वाढवली, गूळ वाढवला, काही उपयोग झाला नाही. सगळं सारण गेलं.

कारण साधं आहे. फडक्यात गाळ अडकतो, विरघळलेले क्षार अडकत नाहीत. साखर तीन-तीनदा काढून घेतल्यावर उसातले बरेचसे क्षार आणि करपलेल्या साखरेचा कडवटपणा त्या पाकात एकवटतो. आटवलं की तो आणखी वाढतो. शिवाय बहुतेक कारखान्यांत रस चुना आणि गंधकाच्या धुरानं निवळतात, आणि ही मळी साठवताना ती खाण्यासाठी आहे असं कुणी धरलेलं नसतं. परदेशी बाटलीतलं मोलॅसिस खाण्यासाठीच तयार केलेलं असतं. तेही कारखान्यातलंच, हे मान्य. पण म्हणून वैरणीची मळी ताटात येत नाही.

तुम्हाला हवी आहे ती काकवी. तिच्यातून साखर काढलेलीच नसते. उसाचा रस आटत 105-106 अंशांवर आला की काहिलीतून उतरवतात. गुळाला 118 च्या आसपास जावं लागतं. केकसाठी एक वाटी काकवी मंद आचेवर पाऊण वाटी होईपर्यंत आटवा, गार करून मोलॅसिसच्या जागी घाला. रंग फिका येईल, चव आपली येईल. कडक भाकरीवर तूप आणि काकवी घ्यायची तर आटवायची गरजच नाही.

शेंगापोळीत मात्र काकवीवरही भिस्त ठेवू नका. तिच्यात साधारण तिसरा हिस्सा पाणी असतं. सारण सैल होतं आणि पोळी लाटतानाच फुटते. दोन वाट्या कुटाला गूळ नेहमीसारखा, काकवी फार तर दोन चमचे, बांधायला. तिळाच्या वड्या काकवीच्या करू नका, त्या चिकटच राहतात.

बरणीत ओला चमचा गेला की काकवी आंबते. फेस, आंबट वास, झाकण उचललेलं दिसलं तर ती टाका. तळाशी नुसते दाणे धरले असतील तर ती बिघडलेली नाही. बरणी गरम पाण्यात ठेवा, दाणे विरघळतात.

आणि ती मळी? घरात तिचं एक काम मला मनापासून पटतं: गंज काढणं. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लास्टिकची बादली. मूठ काढलेलं खुरपं किंवा विळ्याचं पातं त्यात पूर्ण बुडवा. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेलं काही घालू नका, ते खराब होतं. बादली अंगणात ठेवा, झाकण घट्ट लावू नका, कारण ते आंबतं आणि वायू धरतो. आठवड्यानं बघा, गंज जाड असेल तर आणखी एक आठवडा. मग ब्रशनं घासून धुवा, उन्हात वाळवा आणि लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं.