बोलण्यात बावन्न

भाच्याचा निकाल आला तो दुपारी. जेवणं आटपून मी नुकताच आडवा झालो होतो. आतल्या खोलीतून बराच वेळ हूं का चूं नाही, तेव्हाच ओळखलं. मग तो बाहेर आला, मोबाईल माझ्या छातीवर ठेवला आणि खिडकीतून कोल्हापुरातल्या राजारामपुरीचं ऊन बघत उभा राहिला. मी चष्मा शोधला. ऐकणे ८७, वाचणे ८०, लिहिणे ७३, बोलणे ५२.

जर्मनची बी-वन परीक्षा. चारही भागांत शंभरपैकी साठ लागतात, एकातले जास्तीचे दुसऱ्याला देता येत नाहीत. पोराला तिकडं हॉटेलच्या कामाचं आउसबिल्डुंग करायचंय, म्हणजे काम शिकता शिकता पगारही मिळतो. त्यासाठी आठ आकडे कमी पडले.

"कळतंय की ओ सगळं, मामा," तो म्हणाला. "समोरची पोरगी काय विचारत होती ते शब्द न् शब्द कळत होतं."

बोलण्याच्या परीक्षेला दोघांना समोरासमोर बसवतात आणि मिळून काहीतरी बेत ठरवायला लावतात. ह्यांना आजारी मित्राला बघायला जायचं होतं. पोरगीनं विचारलं, कधी भेटायचं? ह्यानं सांगितलं, शनिवारी. कुठं भेटायचं? आता नुसतं 'स्टेशनवर' म्हणायचं होतं. पण ह्याला आठवलं की जर्मनमध्ये स्टेशन पुल्लिंगी. मग त्याच्या अलीकडं 'आम' लावायचं, 'इम' लावायचं की 'त्सुम'? हा तिन्ही लावून बघत बसला, मनातल्या मनात. समोरची पोरगी वाट बघून बघून स्वतःच म्हणाली, बरं, मग स्टेशनवर भेटू. मार्क तिला पडले.

मी आपला मामाच्या अधिकारानं धीर द्यायला लागलो. म्हटलं, अरे, तीन लिंगांची भीती इंग्रजांनी धरावी, आपल्याला कसली? त्यांचा चमचा पुल्लिंगी, आपलाही तो चमचा. त्यांची सुरी नपुंसकलिंगी, आपली ती सुरी, एवढाच फरक. आणि 'वाईल' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं म्हणून रडतोस, आपलं तर जन्मापासून शेवटीच बसलंय. पोरगं माझ्याकडं असं बघत राहिलं, जसं फॉर्मही न भरलेल्या माणसाकडं बघतात.

"तुम्हाला कुठली येते ओ दुसरी?"

"कानडी," मी म्हणालो.

"बोला की मग."

मी पंखा वाढवायला सांगितला.

कानडी मला कळते. चांगली कळते. अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत पुढं बरीच मंडळी कर्नाटकातली असतात, त्यांच्यातल्या कुठल्या सुनेनं डबा घरी विसरला आणि आता कोण कुणाला बोलणार हे मला महाद्वारापासून गाभाऱ्यापर्यंत ऐकू येत असतं. पण त्यांच्यातल्याच एखाद्या म्हातारीनं वळून विचारलं, "चप्पल स्टँड यल्लैती?" की मी हात लांब करतो. बोट दाखवतो. वर एक मराठी "तिकडं" सोडतो. हाताला विभक्ती नसते, हे एक बरं आहे.

ही कळणारी-न-बोलणारी कानडी मी आज्जीकडून उचलली. उचलली म्हणजे चोरली.

आज्जीचं माहेर संकेश्वरकडचं. कोल्हापूर संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, म्हणजे सासर-माहेर एकाच राज्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला माहेर म्हैसूर राज्यात गेलं. आज्जीला त्याचं काही विशेष वाटलं असेल असं नाही, तिला फक्त भाऊबीजेला यष्टी मिळाली पाहिजे होती. पुढं कधी सीमेवरून पेटलं, गाड्या कागलपाशी थांबल्या, की मात्र ती दोन्हीकडच्या लोकांना उद्देशून एक कानडी शब्द वापरायची. तो मला कळतो, पण इथं लिहिता येत नाही.

उन्हाळ्यात चटणीच्या दिवसांत तिची धाकटी बहीण आमच्याकडं यायची. येताना संकेश्वरी मिरचीचं पोतं. ब्याडगी इथं लक्ष्मीपुरीत घ्यायची, ती रंगाला, संकेश्वरी तिखटाला. दुपारी सोप्यात जुनं लुगडं अंथरून दोघी समोरासमोर बसायच्या, मध्ये मिरच्यांचा ढीग. नाकाला पदर, हाताला गोडेतेल. देठ खुडायचं, मिरची इकडं, देठ तिकडं, एकही ओळ न चुकता बोलणं चालू. कानडीत. घरात सुना होत्या, पोरं होती, आणि सांगण्यासारखं असं होतं की ते ह्यातल्या कुणी ऐकू नये.

मी आठ वर्षांचा. भिंतीला टेकून गोट्या मोजत बसायचो. आधी नुसतं आईचं नाव आलं की कान टवकारायचे. मग 'बेकु' आणि 'ब्याडा' कळलं, पाहिजे आणि नको. एवढ्या दोन शब्दांवर माणसाचं निम्मं घर कळतं. आकडे आधीच थोडे ओळखीचे निघाले, कारण विटीदांडूत आम्ही वकट, लेंड, मूंड, नाल करत मोजायचो. ते तेलुगू-कानडीकडून आलेलं गणित आहे हे फार पुढं कळलं, तेव्हा आम्ही समजायचो हे आमच्या गल्लीचंच आहे. मग एका उन्हाळ्यात कधीतरी, डबीचं घट्ट झाकण एकदम सुटावं तसं, अख्खं वाक्य कळलं. धाकट्या काकानं कर्ज काढलंय आणि आजोबांना माहीत नाही. मी हातातली गोटी तशीच धरून ठेवली.

तिथून पुढं मला काय काय माहीत होतं! पाटल्या कुणाला जाणार, आई माहेरी गेली ती कशावरून गेली, समोरच्या घरातली मुलगी खरी कुठं होती. मिरचीनं डोळे भरून यायचे, तरी मी तिथून हलायचो नाही. एक गोष्ट मात्र तेव्हाच पक्की समजली होती. मी एक कानडी शब्द जरी बोललो तरी हे सगळं बंद होणार. गप्प बसणं हेच माझं भांडवल होतं. आज विचार केला तर वाटतं, पन्नाशी ओलांडली तरी जीभ अजून ते भांडवल मोडायला तयार नाही. परीक्षेत पोरगं का अडकलं ते मला ठाऊक नाही, त्याचं त्यालाच माहीत. मी का अडकतो ते हे. ऐकणारा भिंतीला टेकून बसलेला असतो, त्याच्याकडं कुणी बघत नाही. बोलायचं तर ढिगाजवळ येऊन बसायला लागतं.

अर्थात आज्जी काही कच्ची नव्हती. एका दुपारी कर्जाचंच बोलणं चाललं होतं आणि त्याच आवाजात, त्याच चालीत, मिरचीवरची नजर न काढता ती बहिणीला म्हणाली, "अवन हिंद चेळ ऐती नोड."

त्याच्या मागं विंचू आहे बघ.

मी उडालो तो थेट अंगणात. गोट्या सोपाभर. मागं वळून बघतो तर भिंत, आणि दोघी बहिणी पदरात तोंड घालून हसतायत. हसता हसता मिरचीचा हात डोळ्याला लागला, मग हसणं की रडणं काही कळेना. आईनं आतून विचारलं, काय झालं ओ? आज्जी मराठीत म्हणाली, "काय न्हाई, पोराला ठसका लागला."

त्यानंतर तिनं कानडी बोलणं बंद केलं नाही. मला दटावलंही नाही. फक्त काही काही गोष्टी निघायच्या बेतात आल्या की मला पाटी घेऊन मिरची कांडायच्या डंकावर नंबर लावायला धाडायची. डंकावर उन्हाळ्यात ही रांग! परत येईपर्यंत तासभर जायचा. त्या तासातलं मला आजही काही माहीत नाही.

आज्जी कानडीत वेगळी होती. आवाज खालचा, वेग दुप्पट, आणि हसू तर मराठीत कधी न ऐकलेलं. मराठीत ती सासूबाई होती, कानडीत कुणाचीतरी थोरली बहीण. मराठी ती इथं येऊन शिकली, आणि कशी शिकली ते तिच्याच तोंडून ऐकण्यासारखं होतं. लग्न होऊन चार दिवस झालेले, सासूबाई देवासमोर बसलेल्या. ही केळी घेऊन गेली आणि अदबीनं विचारलं, "हण्णु?" कानडीत हण्णु म्हणजे फळ. सासूबाईंना ऐकू आलं, 'हाणू?' चार दिवसांची सून हातात फणी धरून विचारते, हाणू? तुकोबांच्या एका अभंगात कानडी बायको मराठी नवऱ्याला 'इल बा' म्हणून जवळ बोलावते आणि तो उलटा पळत सुटतो. आमच्या पणजी पळाल्या नाहीत, पण आठवडाभर फळं त्यांची त्यांनीच घेतली म्हणे.

बरं, ह्या प्रकारानंतर एखादी गप्प झाली असती. आज्जी दुसऱ्या दिवशी नळावर जाऊन पुन्हा बोलायला लागली. कानडीत ताट, भाकरी, तांब्या सगळ्या वस्तूंना एकच लिंग, नपुंसक. त्यामुळं मराठीत तिचं ताट कधी तो, कधी ती, भाकरी तर कायम तो. 'तो भाकरी वाढ.' शेवटपर्यंत. 'मी येतो, मी जेवलो' असं ती म्हणायची त्यात मात्र तिची काही चूक नाही, तसं कोल्हापुरात सगळ्याच बायका म्हणतात. कानडीत 'बर्तीनी' म्हणताना बोलणारी बाई आहे की बुवा हे क्रियापद सांगत नाही, तिकडूनच ही सवय आली असावी असा माझा आपला तर्क. पुण्याची माणसं ऐकून हसतात. हसू देत. तो भाकरी आम्ही तीन पिढ्या खाल्ला आणि आज्जीला कुणी बावन्न मार्क दिले नाहीत.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं नाही. त्याला पुढच्या परीक्षेची फी भरायची होती, त्याची चिंता वेगळी. एवढं मात्र झालं की 'बोला की मग' हे डोक्यातून जाईना. तेव्हा परवा मिरची आणायचं निमित्त काढून सीबीएस स्टँडवरून संकेश्वरची गाडी धरली. धाकटी आज्जी आहे अजून, नव्वदीला टेकलीय. कागल गेलं, दूधगंगेचा पूल गेला, निपाणीपर्यंत मी एकच वाक्य घोळवत होतो. कंडक्टरनं विचारलं, "यल्ली?" मी म्हणालो, "संकेश्वर." ते दोन्ही भाषांत सारखंच.

ती कट्ट्यावर बसली होती, पाय सोडून. तिच्या नातसुनेनं फर्मास मराठीत स्वागत केलं, तेव्हा क्षणभर वाटलं, कशाला उगाच. पण बसलो जवळ आणि म्हणालो, "आज्जी, आवाग नीवु एन माताडतिद्री?" तेव्हा तुम्ही काय बोलत होता?

तिनं कानाला हात लावला. ऐकू येत नाही.

पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. पुन्हा हात. तिसऱ्यांदा ओरडलो. ओरडताना आदराची 'री' गेली, प्रत्यय गेले, कुठला काळ होता देव जाणे. शेजारच्या भिंतीवरून एक डोकं वर आलं. मिरची, डंक, मी, आज्जी, सगळं हातवारे करून पुन्हा सांगितलं, कानडी संपली तिथं मराठी घातली. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मग तिला उमगलं काहीतरी. हसली. तेच हसू, दोघींचं. मान हलवून म्हणाली,

"मरतीनी."

आणि माझ्या पोटात धस्स झालं. मी पुढं होऊन तिचा हात धरला. मग आठवलं, कानडीत ते विसरण्याचं क्रियापद आहे. विसरले, म्हणाली ती. एवढंच. आयुष्यभर कळत आलेली भाषा, आणि मी बोलायच्या नादात नेमकी तेवढ्यापुरती मराठी कानानं ऐकली.

हात मात्र धरलेलाच होता. तिला वाटलं, मी निरोप घेतोय.

"इष्ट लगु होंटी?" ती म्हणाली. एवढ्यात निघालास?

मी खाली बसलो.